कॉलेजचा हिरो एनबीएत चालेल का, हे ओळखायचं कसं?

२६ जानेवारी २०११. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं प्रोव्हो गाव, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचं मॅरियट सेंटर, बावीस हजारांच्या वर लोक मावतील एवढं मोठं इनडोअर स्टेडियम आणि ते खचाखच भरलेलं. समोर सॅन डिएगो स्टेट, जी सीझनच्या पहिल्या २० च्या २० मॅच जिंकून आली होती. आणि त्या रात्री जिमर फ्रेडेट नावाच्या पोराने एकट्याने ४३ पॉइंट ठोकले. ब्रिगहॅम यंगचे टीमचे मिळून ७१, त्यातले ४३ ह्याचे. अर्ध्या कोर्टाच्या जरा पुढून उडवलेले थ्री (लांबच्या रेघेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट), दोन डिफेंडरच्या मधून घुसून टाकलेले बास्केट, सगळं. केविन ड्युरँटसारख्या एनबीएतल्या (अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) स्टारने त्याला जाहीर दाद दिली, अख्ख्या अमेरिकेत त्याच्या नावाचा नुसता धुमाकूळ चालला होता. त्या सीझनला देशात सगळ्यात जास्त ॲव्हरेज त्याचं, मॅचमागे २८.९ पॉइंट, आणि वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू पण तोच.

आता समोरच्या टीममध्ये कोण होतं बघा. एक १९ वर्षांचा अबोल पोरगा, कवाय लेनर्ड. मॅचमागे साडेपंधरा पॉइंट, दहाच्या वर रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले बॉल), थ्री मारायला गेला की १० पैकी ७ चुकणार. त्या रात्री टीव्हीवर मॅच बघणाऱ्या शंभर जणांना विचारलं असतं की ह्या कोर्टावरचा कोणता पोरगा पुढे एनबीए गाजवेल, तर बहुतेकांनी जिमरकडे बोट दाखवलं असतं आणि त्यांना वेड्यात कोणी काढलं नसतं.

पाच महिन्यांनी ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला. जिमर १० व्या नंबरला गेला, कवाय १५ व्या. पुढे कवायने २०१४ ला सॅन अँटोनियोकडून आणि २०१९ ला टोरंटोकडून चॅम्पियनशिप जिंकली, दोन्ही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच. जिमर एनबीएत मॅचमागे सहा पॉइंटच्या आसपास राहिला, ह्या टीममधून त्या टीममध्ये फिरला आणि मग चीनला गेला, शांघायकडून धो धो पॉइंट काढले, एका मॅचमध्ये तर ७३.

हे असं का होतं? कॉलेजात जो सगळ्यांना भारी पडतो तोच वर गेल्यावर का अडकतो, आणि शांतपणे रिबाउंड गोळा करणारा का निघून जातो पुढे? मला हा विषय मनापासून आवडतो कारण ह्यात नुसता बास्केटबॉल नाहीये, माणसाची गुणवत्ता पारखायची म्हणजे नक्की काय बघायचं हा प्रश्न आहे, आणि फॅन लोक आणि स्काउट लोक (टीमसाठी खेळाडू पारखणारे) एकच मॅच बघून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत असतात. फॅन विचारतो ह्याने काय केलं. स्काउट विचारतो की आजूबाजूचं सगळं बदललं, समोरचे खेळाडू बदलले, नियम बदलले, ह्याचा रोल बदलला, तर ह्यातलं काय शिल्लक राहील.

आधी तिथली व्यवस्था थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेच्या वर टीम आहेत, म्हणजे साधारण पाच हजार पोरं धरा. एनबीएत टीम ३०, प्रत्येकीत नेहमीच्या करारावरचे १५, म्हणजे ४५० जागा आणि वर थोडे टू-वे करारवाले (एनबीए आणि खालच्या लीगमध्ये ये-जा करणारे). दरवर्षी ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत साठच्या आसपास नावं पुकारली जातात आणि त्यातसुद्धा युरोप, ऑस्ट्रेलिया वगैरेकडची पोरं असतात. आणि नाव पुकारलं म्हणजे खेळायला मिळालंच असं पण नाही. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग आठवतोय ना, २०१५ ला डॅलसने ५२ व्या नंबरला घेतलेला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू, त्याला एनबीएची एकही लीग मॅच खेळायला मिळाली नाही. तर चाळणी इतकी बारीक आहे.

अजून एक नियम. २००६ च्या ड्राफ्टपासून अमेरिकन पोरांना शाळा संपल्या संपल्या थेट एनबीएत जाता येत नाही, त्या वर्षात वय १९ पूर्ण व्हायला हवं आणि शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. म्हणून सगळ्यात टॅलेंटेड पोरं कॉलेजात एकच वर्ष येतात, खेळतात, जातात. त्यामुळे स्काउटच्या हातात बऱ्याचदा तीस-पस्तीस मॅच असतात फक्त. कायरी अर्व्हिंगच्या वेळी तर, ड्यूक युनिव्हर्सिटीत असताना पायाच्या अंगठ्याला दुखापत झाल्यामुळे, ११ च मॅच होत्या, आणि तरी त्याच २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या नंबरला गेला आणि तो निर्णय बरोबर ठरला.

आता फॅन लोकांबद्दल, कारण त्यांना बाजूला ठेवून हा विषय कळतच नाही. कॉलेज बास्केटबॉलचं प्रेम हे एनबीएपेक्षा वेगळं प्रकरण आहे. ड्यूकचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम नऊ हजारांच्या जरा वर लोकांचं, म्हणजे छोटंच, पण नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या मॅचसाठी विद्यार्थी बाहेर तंबू ठोकून ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे राहतात. कॅन्सस युनिव्हर्सिटीचा पहिला कोच म्हणजे ज्याने १८९१ ला हा खेळच शोधून काढला तो जेम्स नेस्मिथ, तिथल्या लोकांना ह्या खेळाबद्दल घरच्या देवासारखं वाटतं. ॲरिझोना स्टेटमध्ये तर समोरच्या टीमचा खेळाडू फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) उभा राहिला की बास्केटमागे काळा पडदा धरतात, आणि ऐन वेळी तो उघडून आतून कोणीतरी भन्नाट वेश करून नाचायला लागतं. २०१६ च्या जानेवारीत त्या पडद्यामागून चक्क मायकल फेल्प्स बाहेर आला, पोहण्याची चड्डी आणि गळ्यात मेडलं, आणि ओरेगन स्टेटच्या बिचाऱ्या पोराचे दोन्ही फ्री थ्रो गेले.

हे प्रेम खरं आहे आणि त्याची मजा कोणीच कमी लेखू नये. पण ह्या प्रेमातून तीन गोष्टी होतात ज्यामुळे फॅनचा अंदाज चुकतो. एक, आपल्या कॉलेजात चार वर्षं राहिलेला पोरगा आपल्याला घरचा वाटतो, त्याच्यातल्या त्रुटी दिसल्या तरी मन मानत नाही, आणि एक वर्ष येऊन जाणाऱ्याला उलट पाहुणा समजून जास्त कडक मार्क दिले जातात. दोन, मार्च. ६८ टीमची स्पर्धा, हरलात की बाहेर, त्यात एखाद्याने दोन-तीन मॅच गाजवल्या की सगळा सीझन विसरून तेवढंच लक्षात राहतं. आणि तीन, फॅनची नजर बॉलच्या मागे फिरते, आपली सगळ्यांचीच फिरते, त्यामुळे बॉल ज्याच्या हातात नाही त्याने काय केलं ते दिसतच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ, खेळ बदलतो म्हणजे काय बदलतं. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची, एनबीएची ४८. कॉलेजात शॉट घ्यायला ३० सेकंद मिळतात, वर २४. थ्रीची रेघ कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचावर, एनबीएत समोरून २३ फूट ९ इंच. कॉलेजात सीझनला तीस-पस्तीस मॅच, एनबीएत ८२, त्या पण विमानं बदलत, कधी कधी लागोपाठच्या दिवशी. हे सगळं कागदावर किरकोळ वाटतं. पण खरा फरक बास्केटच्या जवळ आहे. कॉलेजात डिफेन्सचा उंच खेळाडू बास्केटखाली ठिय्या देऊन उभा राहू शकतो, एनबीएत स्वतःचा माणूस सोडून तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे वर गेल्यावर मध्ये जागा जास्त मोकळी, पण ती जागा वापरायला समोर जे लोक आहेत ते सगळे लांब हातांचे, झपाझप सरकणारे, आणि प्रत्येक जण कधीतरी आपापल्या कॉलेजचा हिरो होता. कॉलेजात एका कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) अठरा-वीस मॅचमध्ये एनबीएत जाणारे डिफेंडर एखाददुसरेच भेटतात. एनबीएत रोज रात्री भेटतात.

आपल्याकडे रणजीत पाट्यावर धावांचा ढीग रचणारा बॅट्समन उसळत्या विकेटवर १४५ च्या बोलिंगसमोर उभा राहिल्यावर जे होतं तेच आहे हे, धावा खोट्या नसतात, पण कोणासमोर आणि कशा काढल्या ते बघावंच लागतं.

इथे मला सगळ्यात आवडणारं उदाहरण द्यायचंय, त्यावर जरा थांबतो. स्टेफ करी, जो पुढे एनबीएतला सगळ्यात भारी शूटर ठरला, आणि जिमर फ्रेडेट. करी २००८-०९ ला देशात सगळ्यात जास्त ॲव्हरेजवाला, २८.६. जिमर दोन वर्षांनी, २८.९. दोघं सडपातळ नाहीतर साधारण अंगाचे, फार उंच नाहीत, दोघांचा लांबून शॉट जबरदस्त, दोघांची कॉलेजं नेहमीच्या बड्या नावांपैकी नाहीत, करीचं डेव्हिडसन तर अगदीच छोटं. दोघांबद्दल स्काउटची शंका पण एकच होती, की हा वरच्या पातळीवर डिफेन्स करेल का, ह्याला स्वतःचा शॉट काढायला जागा मिळेल का. नुसते पॉइंट बघितले तर दोघांत फरक सापडत नाही. करी २००९ ला सातव्या नंबरला गेला, म्हणजे सहा नावं त्याच्या आधी पुकारली, त्यातली लागोपाठ दोन तर मिनेसोटाने घेतली आणि दोन्ही वेळा पॉइंट गार्डच (बॉल पुढे आणून खेळ रचणारे) घेतले.

मग फरक कुठे होता? माझ्या मते तीन ठिकाणी, आणि तिन्ही बघणाऱ्याला तेव्हा दिसू शकत होते. पहिला, बॉलशिवायचा खेळ. २००७-०८ ला डेव्हिडसनचा पॉइंट गार्ड करी नव्हताच, जेसन रिचर्ड्स होता, जो त्या वर्षी असिस्टमध्ये (ज्यावर लगेच बास्केट होते अशा पासमध्ये) देशात पहिला आला. करी अख्खी मॅच पळत असायचा, एका स्क्रीनमागून (सोबत्याने डिफेंडरच्या वाटेत उभं राहून केलेल्या आडोशामागून) दुसऱ्या स्क्रीनमागे, कोपऱ्यातून वर, वरून परत कोपऱ्यात, आणि बॉल हातात आला की पाय आधीच सरळ झालेले, खांदे बास्केटकडे, शॉट हातातून निघून गेलेला. हे कौशल्य कुठल्याही टीममध्ये चालतं कारण त्यासाठी बॉल सतत तुमच्याकडे असायची गरजच नाही. जिमरचा खेळ बऱ्यापैकी उलटा होता, बॉल त्याच्या हातात, बाकीचे चार त्याच्याकडे बघत, तो डिफेंडरला नाचवत नाचवत जागा काढणार. ब्रिगहॅम यंगसाठी ते एकदम बरोबर होतं. पण एनबीएत नव्या पोराच्या हातात कोणी एवढा वेळ बॉल देत नाही, आणि बॉल काढून घेतला की मग दुसरं काय करतोस हा प्रश्न येतो.

दुसरा फरक, स्टील, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावणं. करीचे शेवटच्या वर्षी मॅचमागे अडीच स्टील, जिमरचे दीडपेक्षाही कमी. तुम्ही म्हणाल एका आकड्याने काय होतंय. पण स्टील आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) हे आकडे फॅनपेक्षा स्काउट जास्त मन लावून बघतात, कारण त्यातून हाताचा वेग, पायाचा वेग आणि समोरचा आता काय करणार हे आधी ओळखायची अक्कल ह्या तिन्हींचा एकदम अंदाज येतो, आणि ह्या तिन्ही गोष्टी वर जाताना पोरगा सोबत घेऊन जातो.

तिसरा, कोणासमोर. डेव्हिडसनची कॉन्फरन्स कमजोर होती हे खरंच, पण मार्च २००८ मध्ये बडे लोक समोर आले तेव्हा करीने गोंझागाविरुद्ध ४०, जॉर्जटाऊनविरुद्ध ३०, विस्कॉन्सिनविरुद्ध ३३ काढले. जॉर्जटाऊनविरुद्ध टीम १७ ने मागे होती आणि त्याने ३० पैकी २५ दुसऱ्या हाफमध्ये काढले. शेवटी कॅन्ससकडून ५९-५७ असे दोन पॉइंटने हरले आणि ते कॅन्सस त्या वर्षीचं चॅम्पियन. म्हणजे समोरचा डिफेन्स जसा कडक होत गेला तसा हा पोरगा लहान होत गेला नाही. मगाशी मी म्हटलं की मार्चमुळे फॅनचे अंदाज चुकतात, आणि आता मार्चचाच दाखला देतोय, पण फरक असा की इथे बघायचं ते चांगल्या डिफेन्ससमोर शॉट कसे मिळाले ते, किती गेले ते नंतर.

जिमरवर अन्याय नको म्हणून हे पण सांगतो, तो २०११ ला आला तेव्हा रेघेच्या चार-पाच फूट मागून थ्री मारणं एनबीएत बेशिस्त समजलं जायचं. आजच्या एनबीएत त्याला नक्की जास्त जागा मिळाली असती असं मला वाटतं. स्टार झाला असता असं नाही, पण टिकला असता.

आता शूटिंगचे आकडे, कारण इथे सगळे फसतात. समजा एखादा पोरगा कॉलेजच्या एका सीझनमध्ये १५० थ्री मारतो आणि त्यातले ३५ टक्के जातात. आपण लगेच म्हणतो हा ३५ टक्केवाला. पण १५० हा आकडा फार छोटा आहे. खरी क्षमता ३५ असलेल्या पोराला नुसत्या नशिबाच्या खेळाने एका सीझनला २७ टक्के दिसू शकतात आणि दुसऱ्या सीझनला ४३ पण दिसू शकतात, हे साधं शक्यतेचं गणित आहे. २७ वाल्याला आपण म्हणणार शॉट नाहीये ह्याच्याकडे, ४३ वाल्याला म्हणणार स्नायपर आहे, आणि पोरगा तोच.

म्हणून आकडेवारीवाले लोक फ्री थ्रोकडे बघतात. फ्री थ्रोला समोर कोणी नसतं, अंतर तेच, वेळ भरपूर, म्हणजे हाताची मूळ रचना कशी आहे ते स्वच्छ दिसतं (पडद्यामागून फेल्प्स आला नाही तर). पुढे एनबीएत पोरगा थ्री कसे मारेल हे सांगायला कॉलेजच्या थ्रीच्या टक्केवारीइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, फ्री थ्रोचा आकडा कामाला येतो. कवायचं उदाहरण परत घ्या, थ्री २९ टक्के, पण फ्री थ्रो ७५ च्या आसपास. म्हणजे हात बिघडलेला नव्हता, लांबून मारायची पद्धत बसलेली नव्हती. सॅन अँटोनियोकडे चिप एंगलंड नावाचे शूटिंग कोच होते, त्यांनी त्याचा शॉट नीट करून घेतला आणि पहिल्याच सीझनला थ्री ३७ टक्क्यांच्या वर. उलटं उदाहरण मार्केल फुल्ट्झचं, २०१७ चा पहिला नंबर, कॉलेजात थ्री ४१ टक्के त्यामुळे सगळे खूश, पण फ्री थ्रो ६५ टक्क्यांच्या खालीच होते. पुढे त्याच्या खांद्याजवळच्या नसांचा त्रास निघाला, तो भाग वेगळा आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही, पण तो आकडा ड्राफ्टच्या आधी सगळ्यांसमोर होता आणि ४१ च्या आनंदात त्याकडे फार कोणी बघितलं नाही.

वय. हे तर फॅन लोक हिशोबातच धरत नाहीत. त्या प्रोव्होच्या मॅचमध्ये कवाय १९ चा होता आणि जिमर महिन्याभरात २२ पूर्ण करणार होता. त्या वयात दोन-सव्वादोन वर्षं म्हणजे केवढी, शरीर भरतं, खेळ समजायला लागतो, घाई कमी होते. २२ वर्षांचा पोरगा १९ च्या पोरांना भारी पडला तर ते बरोबरच आहे, पण १९ चा पोरगा २२ वाल्यांसमोर नुसता टिकला तरी त्याची किंमत जास्त. हल्ली तर हा फरक अजून वाढलाय, कारण २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी मिळाली, कॉलेज बदलणं सोपं झालं, कोविडच्या काळातल्यांना एक जादा वर्ष मिळालं, त्यामुळे २३-२४ वर्षांचे बाप्ये कॉलेजात खेळताना दिसतात. जन्मतारीख बघितल्याशिवाय आकडे वाचूच नका, एवढं मी नक्की सांगेन.

रोलबद्दल एकच गोष्ट सांगतो. डेव्हिन बुकर २०१४-१५ ला केंटकीत होता आणि ३८ मॅच खेळला, त्यातली एकही सुरुवातीपासून नाही, सगळ्या बेंचवरून. मॅचमागे दहा पॉइंट. कारण ती टीमच एवढी भरलेली होती, ३८ मॅच जिंकून एकच हरली. दोन वर्षांनी, वय २० असताना, त्याने बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये ७० काढले. म्हणजे दहा पॉइंट हा त्याच्या खेळाचा आकडा नव्हताच, तो त्याला मिळालेल्या जागेचा आकडा होता, आणि स्काउटचं काम हेच की जागा आणि खेळ वेगळे करून बघायचे.

शरीराची मापं दर मे महिन्यात शिकागोला घेतली जातात, त्याला कम्बाइन म्हणतात, उंची बिनबुटांची, हातांची लांबी, उडी, पळणं सगळं मोजतात. उंचीपेक्षा हात महत्त्वाचे. कवायची उंची ६ फूट ७ इंचाच्या आसपास पण दोन्ही हात पसरले की ७ फूट ३ इंच, आणि पंजा तर इतका मोठा की बोटं ताणल्यावर सव्वाअकरा इंच भरला. असे हात असले की दोन पावलं मागे उभं राहूनसुद्धा पास तोडता येतो. पुढे एनबीएत नाव काढलेला ड्रेमंड ग्रीन २०१२ ला ३५ व्या नंबरला गेला कारण तो ना धड उंच ना धड चपळ असं सगळे म्हणत होते, पण त्याचे पण हात ७ फुटांच्या वर, आणि मिशिगन स्टेटच्या चार वर्षांत त्याने पासिंग आणि डिफेन्समध्ये जे डोकं दाखवलं ते कुठल्या टेपने मोजता येणारच नव्हतं.

हे डोकं म्हणजे काय? जेलन ब्रन्सन बघा. व्हिलानोव्हाकडून दोनदा चॅम्पियन, २०१६ आणि २०१८, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि तरी ड्राफ्टमध्ये ३३ वा. कारण ६ फूट २ इंच, उडी साधारण, आणि तीन वर्षं कॉलेजात म्हणजे आता अजून काय सुधारणार. इथे फॅन बरोबर होते आणि स्काउट चुकले, हे मुद्दाम सांगतोय. व्हिलानोव्हाच्या लोकांनी रोज बघितलं होतं की तो बास्केटजवळ गेला की घाई करत नाही, दोन्ही पायांवर थांबतो, खांदा एकीकडे झुकवतो, डिफेंडर हवेत गेला की मग शांतपणे शॉट घेतो. ह्यात वेग लागतच नाही, लागते ती वेळेची समज, आणि ती वरच्या पातळीवर तशीच्या तशी गेली. न्यूयॉर्क निक्समध्ये आज सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो.

आणि हो, स्काउटही माणसंच. २०१३ ला क्लीव्हलँडने पहिल्या नंबरला अँथनी बेनेट घेतला, जो एनबीएत टिकला नाही, आणि त्याच ड्राफ्टमध्ये पुढे मोठा स्टार झालेला यानिस अँटेटोकुंपो १५ व्या नंबरपर्यंत शिल्लक होता. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तर अगदी शेवटचा, ६० वा, आयझाया थॉमस, ५ फूट ९ इंचांचा. त्याने २०१६-१७ ला बॉस्टनकडून मॅचमागे २८.९ काढले, जो जिमरचा कॉलेजातला आकडा होता बरोबर तोच, फक्त ह्याने एनबीएत काढला. कुठल्या टीममध्ये जाऊन पडतो, तिथे कोच कोण, खेळायला मिनिटं मिळतात का, हे ड्राफ्टच्या आदल्या दिवशी कोणाच्याच हातात नसतं. कवायला सॅन अँटोनियो मिळालं नसतं तर त्याचा शॉट सुधारला असता का? माझं प्रामाणिक मत, सुधारला असता पण एवढा आणि एवढ्या लवकर नाही.

तर पुढच्या मार्चमध्ये पहाटे साडेचारला उठून (भारतात संध्याकाळच्या मॅच तेव्हाच लागतात) बघणार असाल तर एक करून बघा. एकच पोरगा निवडा आणि पहिल्या हाफची दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, बॉल कुठेही असो. बॉल नसताना तो उभा राहतो की सरकत राहतो? स्वतःचा शॉट चुकला की मान खाली घालून चालत येतो की मागे पळतो? दुसऱ्या बाजूला कोणी घुसलं तर मदतीला एक पाऊल आधी पोचतो की बास्केट पडल्यावर हात वर करतो? डबल टीम (दोन डिफेंडर एकदम अंगावर) आली की पास कुठे जातो, मोकळ्या माणसाकडे की घाबरून मागे? आणि हे सगळं चांगल्या टीमविरुद्धच्या मॅचमध्ये बघा, ४० पॉइंटने जिंकलेल्या मॅचमध्ये सगळेच भारी दिसतात.

कूपर फ्लॅगची ५ एप्रिल २०२५ ची मॅच अशी बघायला फार चांगली आहे. ड्यूक विरुद्ध ह्यूस्टन, फायनल फोर, म्हणजे त्या मार्चच्या स्पर्धेची सेमीफायनल. फ्लॅग डिसेंबरमध्ये नुकताच १८ चा झालेला, आणि त्या सीझनला ड्यूकमध्ये पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक ह्या पाचही गोष्टींत पहिला. ३५ सेकंद राहिलेले तेव्हा ड्यूक ६ ने पुढे, आणि तिथून ते ६७-७० असे हरले. शेवटी एक पॉइंटने मागे असताना बॉल फ्लॅगकडे होता, त्याने ह्यूस्टनच्या जेवॉन रॉबर्ट्सवरून, म्हणजे कॉलेजात वर्षानुवर्षं मुरलेल्या दणकट डिफेंडरवरून, जवळून शॉट घेतला आणि तो आखूड पडला. ड्यूकच्या लोकांच्या डोळ्यांसमोरून तो शॉट अजून जात नसेल आणि ते मी समजू शकतो, तसा दुसरा एप्रिल त्या पोराला ड्यूककडून मिळणार पण नव्हता. पण मॅच परत लावा आणि बाकीचं बघा. त्या दिवशी देशातला सगळ्यात चिवट डिफेन्स समोर असताना त्याने २७ पॉइंट काढले, शेवटचा शॉट स्वतःहून घेतला, आणि तो शॉट त्याला हव्या त्या जागेवर, हव्या त्या पायावर, हाताच्या वरून मिळाला. गेला नाही एवढंच. एका शॉटवरून कोणाचा अंदाज बदलायचं कारण नव्हतं आणि कोणी बदललाही नाही, २५ जूनला डॅलसने पहिलंच नाव त्याचं घेतलं.